आत्मारामदादा आणि काकांचं छोटं पिस्तूल

आत्मारामदादा गेला त्याला आता पाच महिने होतील. माणूस गेला की लोक चांगलंच बोलतात. दादाबद्दल पण बोलतात, हातात जादू होती, कुणाला नाही म्हणाला नाही, असं. ते खरंच आहे. पण दादाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आधी ती पिस्तुलाची गोष्ट सांगा, मग बाकीचं सांगा. म्हणून तीच सांगायची.

दादा खटाव तालुक्यातला. बाप लवकर गेला, चुलत्यानं वाढवला. चुलते म्हणजे बाबाजीकाका आणि काकी म्हणजे मुक्ताबाई. त्यांना एकच मुलगी, शालिनी. दादा आणि शालिनी एका ताटात जेवून मोठे झाले, चुलत-सख्खं कुणी केलं नाही. पुढं दादा फौजेत गेला आणि तिथं हत्यारं दुरुस्त करायचं काम शिकला. चोवीस वर्षं तेच केलं. बंदुका उघडायच्या, पुसायच्या, मोडलेलं बदलायचं, परत जोडायच्या. पेन्शन घेऊन घरी आला तर सहा महिन्यात कंटाळला. बायको आधीच गेली होती, पोरबाळ नव्हतं. मग इकडं आखातात, उम्म अल कुवैनला, एका नेमबाजीच्या क्लबात नोकरी लागली. तिथं लोक पैसे भरून पिस्तूल चालवायला येतात. कुणी हौशी, कुणी टूरिस्ट, कुणी वाढदिवसाला. दिवसभर धाडधाड, आणि संध्याकाळी सगळी हत्यारं काळीमिट्ट होऊन मागच्या खोलीत दादाच्या टेबलावर यायची.

त्या खोलीत दोन टेबलं. एक दादाचं आणि दुसरं फैजचं. फैज पेशावरकडचा. दादानं निम्मी नोकरी बॉर्डरवर काढली आणि आता शेजारी हा बसलेला. फैज म्हणायचा, "उस्ताद, हमारी दोनों फौजों को पता चला कि हम एक ही डब्बे से चिवडा खाते हैं, तो क्या होगा?" दादा म्हणायचा, "पहले डब्बा जब्त होगा." रमजानात दादा दिवसभर त्याच्यासमोर पाणी पण प्यायचा नाही, बाहेर जाऊन प्यायचा. आणि गणपतीत फैज न चुकता विचारायचा, वो चावल का लड्डू आया क्या. त्याला मोदक म्हणायचं होतं.

दादाचं एक होतं. कुणी विचारलं, हे बरोबर आहे का, चालेल का, तर तो लगेच हो म्हणायचा नाही. उघडून बघायचा, परत जोडायचा, परत बघायचा. क्लबचा मॅनेजर वैतागायचा, "यल्ला आत्माराम, गिऱ्हाईक उभं आहे." दादा म्हणायचा, "उभं आहे ना, आडवं तर नाही झालं." सगळ्यांना वाटायचं फौजेची शिस्त आहे. पण ती शिस्त नव्हती. फौजेतून आला तेव्हा तो असा नव्हता. तो असा झाला तो बाबाजीकाकांच्या पिस्तुलामुळं.

तर ते असं.

गावाला खंडोबाचं देऊळ आहे. देवाचा चांदीचा मुखवटा आहे, जुना. तो वर्षभर तालुक्याला बँकेच्या लॉकरमध्ये असतो आणि चंपाषष्ठीला गावात आणतात. आणायचा मान काकांचा. काका ट्रस्टमध्ये होते आणि मुखवटा आणायचा म्हणून त्यांनी मागं कधीतरी लायसन्स काढून एक छोटं पिस्तूल घेतलं होतं. तळहाताएवढं. पैरणीच्या खिशात मावायचं. काकांनी सगळ्या जन्मात त्यातनं पाच गोळ्या उडवल्या असतील, त्या पण घेताना दुकानदारानं उडवायला लावल्या म्हणून. बाकी वर्षभर ते कपाटात, आणि खंडेनवमीला बाहेर. त्या दिवशी आपल्याकडं हत्याराची पूजा असते. कोयता, विळा, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या मधोमध पाटावर पिस्तूल. त्याला हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, उदबत्ती.

बारा वर्षांपूर्वी दादा नेमका दसऱ्याला सुट्टीवर होता. काका म्हणाले, "आत्माराम, तू फौजेतला माणूस. यंदा पूजा तू कर." दादानं केली. भक्तीनं केली. कुंकू भरपूर लावलं. पूजा झाल्यावर काका म्हणाले, आता जरा तेलपाणी कर आणि ठेव. तेल कुठलं? घरात बंदुकीचं तेल नव्हतं. काकीनं आतून खोबरेलची बाटली आणून दिली. दादाला माहीत होतं की खोबरेल चालत नाही. फौजेत पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि हे पण माहीत होतं की आधी उघडावं लागतं, आतलं कुंकू-तांदूळ काढावं लागतं. पण पानं वाढली होती, पुरणाची पोळी गार होत होती, काका हाका मारत होते. दादानं वरनं फडकं मारलं, चार थेंब तेल सोडलं, दोनदा मागंपुढं केलं आणि काकांच्या हातात दिलं. म्हणाला, "खणखणीत आहे काका. आता बघायला नको."

ऑक्टोबरात तेल पातळ होतं. दादा इकडं परत आला. चंपाषष्ठी डिसेंबरात आली, आणि त्या वर्षी थंडी अशी की बायका खोबरेलच्या बाटल्या उन्हात ठेवत होत्या. काका सकाळी मोटारसायकलवर मुखवटा घेऊन निघाले. ओढ्याजवळ तिघं आडवे आले. काकांनी पिस्तूल काढलं, रोखलं आणि चाप दाबला. नुसतं टिक् झालं. गोळी गेलीच नाही. तसल्या पिस्तुलाला परत दाबून भागत नाही, वरचं मागं ओढून दुसरी गोळी घ्यावी लागते. तेवढ्यात एकानं डोक्यात दांडकं घातलं. मुखवटा गेला तो गेला, आजतागायत सापडला नाही.

काका वाचले. दवाखान्यातनं आल्यावर सांगत होते, मी दाबलं होतं, वाजलं नाही. पण पोलिसांनी पिस्तूल तपासायला पाठवलं, ते तपासलं गेलं मे महिन्यात. मे महिन्यात तेल पाण्यासारखं. पिस्तूल धडाधड चाललं. रिपोर्ट आला, चालू स्थितीत. झालं. गाव म्हणालं, बाबाजी भ्याला. दाबलंच नाही. पारावर पोरं म्हणायची, पिस्तूल खिशाला आणि देव चोराला. घरात काकी पण पुढं एकदा भांडणात दादासमोर म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर दगड तरी मारला असता."

जूनमध्ये पिस्तूल घरी परत आलं आणि दादा पण सुट्टीवर आला. काका म्हणाले, "उघडून बघ रं. काय सापडतंय का." दादा माळवदावर जाऊन बसला, एकटा. उघडलं. चाप दाबला की एक बारीक पिन पुढं जाऊन गोळीच्या बुडाला टोचते, त्या पिनीच्या भोकात लाल चिखल साचला होता. कुंकू, तांदळाचा चुरा आणि तेल. थंडीत तो गोठला असणार आणि पिन जोरात गेलीच नसणार. पोलिसांनी गोळ्या परत दिल्या होत्या त्यात एका गोळीच्या बुडाला टोपीवर हलका टिपका होता. सुईनं टोचल्यासारखा. म्हणजे काकांनी दाबलं होतं. काका खरं बोलत होते.

दादानं सगळं साफ केलं. ती टिपक्याची गोळी मळ्यातल्या विहिरीत टाकली. खाली आला. काकांनी विचारलं, "काय सापडलं का?"

"काही नाही काका. बरोबर आहे."

काकांनी पिस्तूल उचलून परत कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं असंल बाबा. मला वाटलं मी दाबलं."

त्या दिवसापासून काकांनी मी दाबलं होतं हे म्हणणं बंद केलं. तीन वर्षांनी वारले.

हे दादानं बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगायला कोण होतं म्हणा. इकडं त्याचं घर म्हणजे शालिनीचं घर. शालिनी लग्न होऊन इकडंच आलेली. नवरा प्रसन्न, त्याचं एसीच्या डक्टिंगचं कॉन्ट्रॅक्टिंग, राहायला मोहम्मद बिन झायद सिटीत. दादा सणावाराला उम्म अल कुवैनहून दोन बसा बदलून तिकडं जायचा. भाची समिधा दार उघडायची. "मामा, यू आर लेट." तिच्या खोलीतला खालचा पलंग दादाचा ठरलेला. दादाचं सगळं गणगोत त्या तीन माणसांत होतं. ते गेलं तर त्याला इंडस्ट्रियल एरियातली चार पलंगांची खोली आणि फैज, एवढंच.

गेल्या वर्षी प्रसन्नरावांनी ठरवलं की आता पुरे झालं, साताऱ्याच्या बाहेर प्लॉट घेतलाय, तिकडं घर बांधून राहायचं. घर जरा एका बाजूला. शेजार नाही. आणि त्यांच्या डोक्यात आलं की हत्यार पाहिजे. नोव्हेंबरातला एक शनिवार बघून तिघं गाडी घेऊन क्लबात आले. दादानं मॅनेजरला सांगून ठेवलं होतं.

समिधाला वय नाही म्हणून आत सोडत नाहीत. ती बाहेर सोफ्यावर मोबाईल घेऊन बसली. दादानं विचारलं, "कंटाळणार नाहीस ना?" ती म्हणाली, "आय ॲम फाइन, मामा. जस्ट डोन्ट शूट बाबा."

आत प्रसन्नरावांनी काचेतलं सगळ्यात लहान पिस्तूल दाखवलं. "हे द्या दादा. हे कसं, शर्टाच्या खिशात मावेल."

"गोळ्यांचं खोकं दीडशे दिरहमचं आहे," शालिनी म्हणाली. "साडेतीन हजार रुपये. आवाज काढायचे."

"अगं इन्व्हेस्टमेंट आहे ती."

दादानं त्यांना उभं कसं राहायचं, बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं, कानाला लावायचे ते दिले. प्रसन्नरावांनी तीन गोळ्या मारल्या. चौथीला अडकलं. उडालेली पुंगळी बाहेर पडायची ती मध्येच उभी राहिली.

"खराब आहे वाटतं हे."

"खराब नाही, प्रसन्नराव. तुमचं मनगट ढिलं पडलं. पिस्तूल मागं उसळतं त्या जोरावर ते पुंगळी फेकतं. हात पण मागं गेला की जोर पुरत नाही. मोठ्याला चालतं थोडंफार, वजन असतं त्याला. ह्याला नाही चालत. ह्याला सगळं मापात लागतं."

परत घेतलं. ह्या खेपेला पाच गेल्या, सहावी आत शिरलीच नाही, तोंडालाच अडकली. दादानं ती काढून दाखवली. "ह्या गोळीचं तोंड चपटं आहे. ह्याला गोल तोंडाची आवडते. लहान पोरासारखं असतं हे, एक घास खाईल, दुसरा थुंकेल. कुठली खातंय ते दोनशे गोळ्या मारून बघितल्याशिवाय कळत नाही."

"आणि खिशात ठेवायचं म्हणजे," दादा पुढं म्हणाला, "खिशात काय काय असतं. रुमालाचा धागा, धूळ, सुपारीचा चुरा. ते सगळं आत जातं."

"मी सुपारी खात नाही."

"मग गाडीत डबी कुणाची आहे?" शालिनी म्हणाली.

मग शालिनीनं हातात घेतलं. वरचा भाग मागं ओढायचा तर तिला ओढवेना. दोन्ही हातांनी पण ओढवेना. "एवढंसं आहे आणि किती कडक आहे रे हे!"

"लहान आहे म्हणूनच कडक. वरचा भाग हलका, मग त्याला अडवायला स्प्रिंग जबर लागते. लोकांना वाटतं लहान म्हणजे बायकांसाठी. उलटं आहे. हे चालवायला सगळ्यात अवघड."

नंतर दादानं एक मोठं पिस्तूल दिलं. शालिनीनं ते आरामात ओढलं. पन्नास गोळ्या दोघांनी मिळून मारल्या, एकही अडकली नाही. प्रसन्नराव खूश झाले पण मग कमरेला लावून बघितलं. "हे लावलं तर पोटाजवळ फुगा दिसेल."

"फुगा आत्ता पण दिसतोय," शालिनी म्हणाली. पलीकडं फैजला मराठी कळत नाही, पण तो पण हसला.

शेवटी रिव्हॉल्वर. पाच गोळ्यांचं, गोल चक्राचं. दादा म्हणाला, "ह्याचं एक बरं. गोळी नाही वाजली तर काही ओढायचं नाही, परत चाप दाबायचा, चक्र फिरतं, पुढची येते. खिशातल्या धुळीनं लगेच रुसत नाही. पण चाप जड. आणि पाचच गोळ्या." शालिनीचं बोट दोन गोळ्यांत दुखायला लागलं. प्रसन्नरावांना जमलं, पण निशाणा भिंतीवर लागत होता.

सगळं झाल्यावर मागच्या खोलीत चहाला बसले. फैज बाहेर गेला. प्रसन्नराव म्हणाले, "दादा, हे सगळं बरोबर आहे. पण मी काय म्हणतो, नवीन घ्यायचं कशाला? सासऱ्यांचं, आबांचं आहेच की. साताऱ्याला बंदुकीच्या दुकानात जमा आहे. वारसानं जावयाच्या नावावर होतं, मी वकिलाला विचारलंय. सासूबाईंची सही लागते फक्त. आणि ते तर पोलिसांनीच चेक केलेलं आहे. आबांनी चालवलंच नाही हो, त्यात पिस्तुलाचा काय दोष?"

शालिनीनं चहाचा कप खाली ठेवला. ती आबांचा विषय निघाला की अशीच गप्प व्हायची. एकदा शाळेतल्या मैत्रिणीनं हळदीकुंकवात सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुझेच वडील ना ते, देव घालवलेले. तेव्हापासून ती गावाला गेली तरी देवळात जायची नाही.

दादा म्हणाला, "ते नका घेऊ. लहान आहे. आत्ता बघितलंत ना तुम्ही."

"पण ते चाललं होतं ना? रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट आहे, पण नका घेऊ."

एवढ्यावर सुटलं असतं. प्रसन्नराव ऐकणारे आहेत, उद्या रिव्हॉल्वर घेतलं असतं आणि विषय संपला असता. दादानं पुढं कबूल केलं की मनात तेच चाललं होतं, की सुटलो. पण शालिनी बोलली.

"दादा, तू आबांचं ते उघडून बघितलं होतंस ना? मग तूच सांग. तू बरोबर आहे म्हणालास तर मी आईची सही आणते. मला रिपोर्ट नको. तुझा शब्द बस आहे."

दादानं टेबलावरचं फडकं उचललं. बारा वर्षांपूर्वी असाच शब्द दिला होता, पोळी गार होईल म्हणून.

"शालू," तो म्हणाला, "काकांनी चाप दाबला होता."

"काय?"

"दाबला होता त्यांनी. ते खरं बोलत होते. पिस्तूल वाजलं नाही ते माझ्यामुळं." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पूजा, कुंकू, खोबरेल, थंडी, मे महिना. पिनीच्या भोकातला लाल चिखल. टोपीवरचा टिपका. विहीर. काही राखून ठेवलं नाही. बोलताना त्याचे हात टेबलावरचं फडकं घडी करत होते, उलगडत होते, परत घडी करत होते.

प्रसन्नराव म्हणाले, "अहो, पण हे ॲक्सिडेंट आहे. तुम्ही काय मुद्दाम..."

शालिनीनं त्यांना हातानं थांबवलं. "तेल सोडलंस ते एक वेळ ठीक आहे. चूक होते. तू जूनमध्ये आबांना सांगितलंस का? आबांना?"

"नाही."

"ते विचारत होते तुला."

"हो."

"आणि तू काही नाही म्हणालास." ती उठली. "आबा शेवटच्या आजारात मला म्हणायचे, शाले, माणसाला आपलंच मन कळत नाही बघ, मला अजून वाटतं मी दाबलं होतं. शेवटच्या आजारात, दादा. आणि मी त्यांना म्हणायचे, जाऊ दे आबा, होतं असं. मी! मी पण त्यांना भित्राच समजले."

दादानं फडकं खाली ठेवलं.

शालिनीनं पर्समधनं मोबाईल काढला आणि गावाला व्हिडिओ कॉल लावला. प्रसन्नराव म्हणाले, आत्ता कशाला, घरी जाऊन लाव. तिनं ऐकलं नाही. मुक्ताबाईकाकीचा चेहरा आला, अर्धा. कपाळ आणि छत.

"आई, मोबाईल खाली धर. दादा बोलतोय. तुला काही सांगायचंय त्याला." आणि मोबाईल दादाच्या हातात दिला.

दादानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ह्या वेळेला त्याला जास्त वेळ लागला, कारण काकीला नीट ऐकू येत नाही आणि "कशात तेल?" "कुठल्या भोकात?" असं ती विचारत होती. विहिरीचं तर दोनदा सांगावं लागलं.

काकीनं मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "बाटली म्याच दिल्ती."

"तुम्हाला काय माहीत असणार काकी. मला माहीत होतं."

"व्हय. तुला म्हाईत हुतं." पुढं म्हणाली, "म्या त्यांस्नी दगडाचं बोलले हुते. तुझ्यासमोर बोलले हुते, आठवतंय का?"

"आठवतंय."

"तवा तरी बोलायचं हुतंस ल्येकरा."

मग काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम दुसऱ्याच आवाजात म्हणाली, "म्या उद्या देवळात जाऊन सांगणार. समद्यास्नी. पारावर पन सांगणार. आणि तुझं नाव घेऊन सांगणार, आत्माराम. झाकून न्हाई सांगायची."

"घ्या काकी. नाव घ्या."

"घिणारच हाय." आणि फोन बंद झाला.

शालिनी बाहेर जाऊन गाडीत बसली. समिधा आत डोकावली, "मामा, व्हॉट हॅपन्ड? आई इज क्राइंग." दादा म्हणाला, "जा बाळा, तिच्याजवळ बस." प्रसन्नराव जाताना खांद्यावर हात ठेवून गेले. गाडी गेली. फैज आत आला, त्यानं तिन्ही कप बघितले, भरलेले, गार झालेले. दादाच्या वाटणीची तीन पिस्तुलं आपल्या टेबलावर ओढून घेतली आणि पुसायला बसला.

काकी बोलली तशी वागली. देवळात सांगितलं, पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. गावात काही म्हणाले, आता काय उपयोग. पण जी पोरं तेव्हा हसायची ती आता चाळिशीला आली, त्यांच्यातला एक जण येऊन काकांच्या फोटोला हार घालून गेला. दादाच्या नावानं गावात बोलणं झालं ते झालंच. कुणीतरी तर फोन करून दादाला शिव्या दिल्या. त्यानं पूर्ण ऐकून घेतल्या.

काकांचं पिस्तूल सरकारजमा झालं. प्रसन्नरावांनी कुठलंच हत्यार घेतलं नाही. ते शालिनीला न कळवता दादाला फोन करायचे, तेव्हा म्हणाले, "दादा, माझं मनगट ढिलंच आहे. माझ्या हातात रिव्हॉल्वर म्हणजे चोरापेक्षा मलाच धोका." दादानं त्यांना सांगितलं, मग त्याच पैशात कंपाउंड उंच करा, चारही बाजूंनी दिवा करा, एक गावठी कुत्रं पाळा. आणि शेजार नाही म्हणता, तर अर्ध्या किलोमीटरवर वस्ती आहे, त्यांच्याकडं जाऊन चहा प्या. हाक मारली तर येणारा माणूस पाहिजे. त्याला तेलपाणी लागत नाही, पण जावं-यावं लागतं.

शालिनी मात्र बोलली नाही. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. दरवर्षी ती तिळाचे लाडू पाठवायची, या वर्षी आले नाहीत. जानेवारीअखेर ते तिघं सामान आवरून कायमचे गेले. दादा एअरपोर्टला गेला होता. ती समिधाला म्हणाली, मामाच्या पाया पड. स्वतः दोन पावलं लांब उभी राहिली. पण पड म्हणाली, एवढं दादा सगळ्यांना सांगत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी दादाच्या टेबलावर फोन वाजला. शालिनी. तीन महिन्यांनी.

ना कसा आहेस, ना काही. "मागच्या दाराला कडी बसवलीये. लोखंडी, आडवी. सुतार म्हणतो एकदम मजबूत आहे. तुला काय वाटतं?"

दादाच्या हातात एक स्प्रिंग होती ती त्यानं खाली ठेवली. "फोटो पाठव."

तिनं पाठवला. दादानं मोठा करून बघितला, इकडून तिकडून. फैजला पण दाखवला. कडी चांगलीच दिसत होती. जाड होती, स्क्रू लांब होते. कुणीही म्हणालं असतं, मस्त आहे, काळजी करू नको.

"कितीदा लावून बघितलीस?" दादानं विचारलं.

"दोनदा. तीनदा."

"पन्नासदा लाव, काढ. मग सांगतो."

"पन्नास?"

"हो. फोन चालू ठेव."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग साताऱ्याहून कडीचा आवाज यायला लागला, खट्ट, सर्रक्, खट्ट. दादा कानाला फोन लावून बसला. मॅनेजर दारात येऊन काहीतरी म्हणाला तर त्यानं त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं. अकराव्या खेपेला जरा वेगळा आवाज आला.

"थांब. ही अकरावी परत लाव."

"तू मोजतोयस?"

"लाव परत."

तिनं परत लावली. परत तसाच आवाज. "जरा घासतंय खाली," ती म्हणाली.

"वरचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करायला सांग. आणि चल, बारावी."